घंटामंत्री

मतमोजणी खडूच्या खोक्यातून झाली.
चिठ्ठ्या सहामाहीच्या जुन्या पेपरांच्या, मागची कोरी बाजू.
माझ्या नावामागे कुणाचं तरी चुकलेलं त्रैराशिक.
एकशे बारा मतं. त्यातली साठेक
आदल्या दिवशी वाटलेल्या फुटाण्यांची,
हे आता सांगायला हरकत नाही.

निकोडे सरांनी फळ्यावर मंत्रिमंडळ लिहिलं.
मुख्यमंत्री गुल्हाने, म्हणजे मी.
मग पाणी, सफाई, पोषण आहार, खेळ,
ग्रंथालय: कपाट एक, किल्ली हरवलेली.
खाती संपली आणि एक मुलगी उरली,
नववी ब, चंद्रकला टेकाम, मतं नऊ.
सर खडूचे हात झटकत म्हणाले,
"तू घंटा सांभाळ."

वर्ग फुटला.
घंटामंत्री! घंटा!
पोरांनी बाकं बडवली. मीही बडवलं.
ती हसणं ओसरेस्तोवर उभी राहिली, मग विचारलं,
"सर, हातोडी कोनापाशी असते?"

आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
बंद पडलेल्या लहान गाडीच्या लाइनीवरचा,
निंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला.
त्यावरून कधी कापसाच्या गठाणी गेल्या असतील.
आता त्यावरून तास जायचे.

मला बिल्ला मिळाला. पिवळा, पत्र्याचा, पिन बोचायची.
मी प्रार्थनेला पुढं उभा राहायचो,
सावधान म्हणायचो, विश्राम म्हणायचो.
बीडीओ साहेब आले तेव्हा त्यांना फूल दिलं,
फोटोत माझा अर्धा कान आला.

ती हातोडी दप्तरात ठेवायची, भाकरीच्या फडक्याशेजारी.
ऑफिसातलं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे
हे शाळेत पहिल्यांदा तिनं सांगितलं.
चार वर्षं आम्ही सगळे
सात मिनिटं आधी जगत होतो, कुणालाच पत्ता नाही.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी
पाचच्या ठोक्याला लांब घंटा झाली.
शाळा सुटायची साडेपाचला.
पाचवीची पोरं फाटकापर्यंत पोचलीसुद्धा.
निकोडे सर छडी विसरून धावत आले.
"कोणाला विचारून?"

तिनं वही उघडली. पानावर रेघा, रेघांत नावं.
"सर, निळी गाडी सव्वापाचले जाते.
शाळा सुटते साडेपाचले.
तीन गावच्या एकवीस पोरी शेवटचा तास सोडून पयतात.
शेवटचा तास गणिताचा हाय."
सर म्हणाले, "मुख्यमंत्र्याला सांगायचं होतं आधी."
"सांगतलं न सर. दोन डाव."

सगळी शाळा माझ्याकडं वळली.
पहिल्या वेळी मी "बघू" म्हणालो होतो,
काका ग्रामपंचायतीत म्हणतात तसं, मान न उचलता.
दुसऱ्या वेळी माझ्या तोंडात मुर्रा होता.

आठ दिवस हातोडी रुपराव शिपायाकडं गेली.
तो आपल्या मनानं वाजवायचा,
एकदा तर तंबाखू मळता मळता मधली सुट्टी विसरला.
नवव्या दिवशी फलकावर नोटीस लागली:
शाळा पाव तास आधी भरेल,
मधली सुट्टी पाव तास कमी, सुटणार पाचला.
सुट्टी कापली म्हणून आम्ही पोरं महिनाभर तिच्याशी बोललो नाही.
नोटिशीखाली मुख्यमंत्री म्हणून सही माझी.
मजकूर वहीतल्या त्याच पानावरचा.

मार्चपर्यंत गणिताच्या तासाला बाकं कमी पडू लागली.
मला तिसऱ्या ओळीतून उठून
दाराशी बसावं लागलं.

परवा सोसायटीच्या कामानं त्या बाजूला गेलो.
शाळेवर बटणाची बेल आलीय,
निंबाला मात्र तो तुकडा अजून आहे,
सगळा तांबारलेला, मधात बोटभर जागा सोडून.
तिथं ती मारायची. तेवढी चकाकते.

पायाशी दगड होता, आजूबाजूला कोणी नव्हतं.
हात खिशातच ठेवला.
ते खातं माझं नव्हतं.