जुलैचं पाणी

बिश्केकच्या वसतिगृहात, पाचव्या मजल्यावर,
बुरुल स्प्रेडशीटमध्ये धरण भरते आहे.
एका रकान्यात पातळी, एकात किलोवॅट,
तिसऱ्यात व्याजाचा दर:
आज तो तिने तीनदा वाढवून पाहिला,
तिन्ही वेळा
पुढच्या उन्हाळ्यातलं पाणी
बसल्या जागी स्वस्त झालं.

सव्वासातला वीज जाते.
हीटरची तार आधी केशरी, मग तांबूस,
मग नुसती तार.

बाप तिकडे डोंगरात, धरणावर रात्रपाळीला.
रोज फोन करतो एकच आकडा सांगायला.
“कालच्याहून चार बोटं खाली.”
जेवलीस का, हे त्याला
त्या बोटांतूनच विचारता येतं.

परवा वर्गात लुटुपुटूची परिषद झाली.
कागदी झेंडे, पाण्याच्या बाटल्या,
बुरुल वरचा देश, इक्रोम खालचा.
इक्रोम तसा खराच खालचा,
फरगाण्याच्या जर्दाळूंमधला.
ती म्हणाली, थंडीत पाणी सोडलं नाही
तर आमच्या दवाखान्यांत दिवे कसे लागणार?
तो म्हणाला, थंडीतलं तुमचं पाणी
आमच्या शेतांत बर्फ होऊन बसतं,
आणि जुलैत मागायला आलो
की तुम्ही बिल काढता.
गॅस देतो ना बदल्यात!
मागच्या वर्षी दिलात?
एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणजे काय
ते दोघांनी सव्वा तास
प्रात्यक्षिकासह दाखवलं.
बाईंनी मसुद्यात लिहिलं:
उभय पक्षांनी चिंता व्यक्त केली.

आता अंधारात दार वाजतं.
इक्रोम. हातात कागदी पुडी,
मोबाइलचा उजेड बोटांत धरलेला.
“घरून आलेत,” म्हणतो. आणि जरा थांबून,
“गेल्या जुलैत सोडलं होतंत तुम्ही पाणी.
थोडंसंच.”

सुकलेला जर्दाळू आधी चिवट लागतो,
मग आंबट, मग बऱ्याच वेळाने गोड.
बी ती दाराच्या बिजागरीत फोडते,
अर्धा गर त्याला देते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते विचारावं कुणाला?

वीज येते. तार तांबूस होते.
लगेच फोन.
“पाच बोटं,” बाप म्हणतो.
“जेवले,” ती म्हणते.

काय म्हणाले, इक्रोम विचारतो.
तोंडात बी घोळवत ती म्हणते,
“खाली येतंय.
तुमच्याकडे.”