साडेचार फुटांवर

खंबाटाबाईंची टेप दर चैत्रात हरवते.
मग सकाळी सातला माझा फोन वाजतो,
'मास्तर, तुमची घेऊन या. राणीच्या बागेत.'
कॉलेजात तीस वर्षं शिकवलं त्यांनी
आणि मास्तर मी,
चिवडा गल्लीतली, ब्लाउज शिवणारी.

अकरा ब्लाउज कापून पडलेत,
सगळे अक्षय्य तृतीयेच्या आतले.
तरी जाते.

दहालाच ऊन पाठीवर इस्त्री धरतं.
पोरं पेंग्विनांकडे धावतात.
आम्ही उलट्या बाजूला,
जिथे नुसती झाडं आहेत म्हणून कोणी फिरकत नाही.

जमिनीपासून साडेचार फूट वर,
तिथे झाडाची छाती. जगभर तिथेच मोजतात, बाई म्हणतात.
पहिल्या वर्षी मी हसले होते.
आता खडूची खूण करते, गुलाबी,
आणि टेप फिरवते, ओढत नाही,
नवरीची घेतो तशी, तिने श्वास सोडल्यावर.

पुत्रंजीवा, बावन्न.
सीताअशोक, एकतीस, वर माझ्या कोपरापर्यंत मुंग्या.
उर्वशीचा बहर सरलाय, एकच घोस उरलाय, उलटा लोंबणारा.
त्या रंगाचा धागा माझ्याकडे नाही.
एकदा पाकळी रुमालात बांधून दादरला नेली होती.
दुकानदार म्हणाला, हा रंग येत नाही, बाई.

कैलासपतीला खोडावरच फुलं,
बाही जोडायची तिथे, कंबरेला, कुठेही.
खाली सडा. वास असा
की बाई दोन मिनिटं काही लिहीत नाहीत.

गोरखचिंचेला अजून एक पान नाही.
माझ्या साठ इंची टेपेच्या पावणेपाच फेऱ्या.
टाचणी टोचायची नसते, म्हणून बाई बोट ठेवून उभ्या,
मी पुढे सरकते, वळसा घालते.
मधे सगळं ते खोड.
'आहात ना?' मी विचारते.
'आहे, आहे,' पलीकडून.

माझ्याही वहीत बाई आहेत, पान सत्तेचाळीस.
छत्तीस. मग चौतीस.
मग तीन वर्षांपूर्वी, टाटातून घरी आल्यावर,
डाव्या बाजूचा टक्स मी घातलाच नाही,
आतून कापसाची पातळ घडी शिवली,
कोणाला न सांगता, त्यांनाही नाही.
त्यांनी घातला. आरशात बघितलं, बराच वेळ.
'बरोबर बसला, मास्तर.'
पैसे मोजून दिले, सुट्टे.

पलीकडच्या शिरीषाची फांदी मागच्या जुलैत पडली.
तिथे साल गोल आत वळलीय,
काजाची कड वळवावी तशी.
बाई त्यावर अंगठा फिरवतात.
'झाड जखम भरून काढत नाही हां. बंद करून टाकतं.
मग बाजूबाजूने वाढतं.'
आणि घड्याळ बघतात. गोळीची वेळ.

बाकावर बसून आकडे जुळवले.
गोरखचिंच दोन बोटं वाढली होती.
एवढी कुठून वाढते, मी आपलं म्हटलं,
आत माया ठेवली असणार.
बाईंना कळेना. झाडाला माया?
मग पदर उलटून माझीच शिवण दाखवली:
हे बघा, हे आतलं जास्तीचं कापड,
पुढे उसवून वाढवायला सोडतात ते.
त्यांनी वहीत लिहून घेतलं,
शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने, माया, एक इंच.
पेन्सिल थांबली.
'माझ्या ब्लाउजात ठेवता?'
नेहमी ठेवते.
'अजूनही?'
दोन्ही बाजूंना, म्हटलं.

दुपारी पहिली नवरी माप द्यायला आली.
हात वर करून उभी राहिली,
टेप तिच्या पाठीमागून पुढे आणली तेव्हा
नाक उडवत म्हणाली,
कसला वास येतोय, काकू, हिला?