शेरा

दोन महिन्यांची इंटर्नशिप. महापालिकेची मागची इमारत,
तिसरा मजला, एका खोलीत दोन टेबलं:
खिडकीपाशी वारसा, दारापाशी रस्ते.
माणसं कमी, म्हणून मी दोन्हीकडे.
सकाळी जे नोंदवायचं
ते दुपारी कधीकधी मीच लाल पेनाने ओलांडायचे.

वारशाचा फॉर्म दोन पानी.
काळ. साहित्य. मालकी. सद्यस्थिती. हानी असल्यास.
तळाशी शेरा,
त्याला जागा दीड ओळीची.

अनुक्रमांक सत्तावीस, नाना पेठ, दगडी हौद.
पाणी नाही. आत दोन टायर, एक मोडका पंखा,
आणि काठाला टेकून बशीर शिकलगार यांचं चाक.
सुऱ्या, कात्र्या, नारळाचे कोयते, चावीही करून मिळेल.
मी टेप काढली. टोक धरायला कुणी नव्हतं.
मृण्मयी त्या दिवशी आलीच नाही,
तिला मुंबईच्या फर्मचा फोन आला होता.
"द्या इकडं," म्हणाले बशीरचाचा.

लांबी तीन चाळीस. उंची नव्वद.
काठावर एक खोलगट घळ, तळहाताएवढी, गुळगुळीत,
बोट फिरवावंसं वाटावं अशी.
"हे कशानं?"
"आमच्यानं. आजा इथंच पाजळायचा. मग बाप.
चाक मी आणलं, पण शेवटचा हात
अजून ह्याच दगडावर."
खोली चार सेंटिमीटर.
मी 'हानी'च्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तसंच धरून बसले.
कॉलेजात चुन्याच्या गिलाव्याचे सात प्रकार शिकवले होते.
हे नव्हतं शिकवलं.

चाचांनी टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं.
"ताई, तुमची कडी वाकलीय. दोन सूत मार खातेय."
हातोडीचे दोन ठोके, त्याच दगडावर,
आणि टेप सरळ.
म्हणजे आधीचे सव्वीसही दोन दोन सूत खोटे.
हे मी गुंजाळसाहेबांना सांगितलं नाही.
अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपारी दाराजवळचं टेबल.
आराखडा एकास दोन हजार.
रस्तारुंदीची लाल रेघ नव्या शीटवर उतरवायची.
अर्ध्या मिलिमीटरचं पेन.
रेघ नाना पेठेत शिरली, वळली,
आणि सत्तावीस नंबर तिच्याखाली गेला.
आत नाही, बाहेर नाही,
जाडीत.
हिशोब केला: कागदावर अर्धा मिलिमीटर
म्हणजे जमिनीवर एक मीटर.
एका मीटरमध्ये हौदाची रुंदी बसते,
टायरांसकट,
स्टूल जरा आत ओढलं तर बशीर शिकलगारही.

"सर, रेघेच्या कुठल्या कडेपासून मोजायचं?
ह्या की त्या?"
गुंजाळसाहेबांनी चष्मा काढला,
शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.
एकवीस वर्षं झाली त्यांना इथे.
"विचारलं नव्हतं कुणी," म्हणाले.
मग चहा आला.
मग म्हणाले, "नोट टाका. बघतील वरती."

नोट टाकली. वरती कुठे असतं मला माहीत नाही.
चौथ्या मजल्यावर तर कँटीन आहे.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं,
माझ्या नावात वेलांटी चुकलेली.
मानधन पुढच्या महिन्यात, किंवा त्याच्या पुढच्या.
फॉर्म सत्तावीस तेवढा माझ्याकडे राहिला होता.
'हानी'पुढे मी एक आडवी रेघ मारली, निरंक म्हणून.
मग शेऱ्यात, बारीक अक्षरात, समासात जात:
काठावरील घळ तीन पिढ्यांच्या हातची. वापर चालू.
भरून काढू नये.

दीड ओळ पुरली नाही.
'नये' हा शब्द
शिक्क्याच्या जागेत गेला.