सामू साडेनऊ

बुटाच्या टाचेत अडकून आलेली माती
निंभोऱ्याच्या ओट्यावर बसून मी चाकूनं खरवडली.
चमचाभर निघाली. करडी, वर पांढरी साय.
विमानतळावर कुणी बूट उलटे करून पाहिले नाहीत.

एकतीस वर्षं जळगावच्या प्रयोगशाळेत
दुसऱ्यांची माती तपासली.
कापडी पिशवी, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर गट नंबर.
आकडा आठच्या आत असला तर मान हलवायची.
साडेआठच्या वर गेला की जिप्सम सांगायचं
आणि माणसाकडे न बघता पुढची पिशवी उघडायची.
साडेनऊ मी तीनदाच पाहिला.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा
सगळ्यांनी चारधाम सुचवलं.
मी बोत्सवाना म्हणाले.
सुपडूभाऊंचा अडकित्ता थांबला.
"चोपनच पाह्याचं व्हतं त इतक्या लांब कायले चालली वं?
आपल्या खालच्या वावरात काय कमी हाये?"

खरं होतं.
केळीला पाणी पाजून पाजून
खालचं वावर पांढरं फुटलं, त्याला वीस वर्षं झाली.

पण तिथं वावर संपतच नव्हतं.
बांध नाही, विहीर नाही, सातबारा नाही.
ओतसिले नावाच्या पोरानं गाडीचं इंजिन बंद केलं
आणि मला माझ्या कानातलं रक्त ऐकू आलं.
पाऊस महिन्यापूर्वी येऊन गेलेला,
काठावर वीतभर गवत,
आणि त्या गवतात झेब्रे,
मोजायचं सोडून द्यावं इतके.
पिल्लांचे पट्टे अजून तपकिरी,
कच्च्या रंगाचे, धुतले तर जातील असे.
या गवतात खार उतरतो, त्यासाठी येतात, ओतसिले म्हणाला,
तळी आटली की नदीवर परत.
मी विचारलं, सामू किती?
तो हसला. नऊ वर्षं गाडी चालवतोय,
सिंहाचं सगळे विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर बसलो होतो
उन्हाकडे पाठ करून.
बिळातून मीरकॅट निघाले, मुंगसाच्या चुलतघरातले,
आणि त्यातला एक माझ्या पाठीवरून चढून
सरळ डोक्यावर उभा राहिला.
हलू नका, ओतसिलेनं हातानं सांगितलं.
त्या सपाटीवर
मांडी घालून बसलेली मी
सगळ्यात उंच जागा होते.
नखं केसांतून टोचत होती.
तो आभाळात गरुड शोधत होता
आणि मी श्वास धरून टेकडी.
हे सुपडूभाऊंना सांगितलेलं नाही.

नजमा तडवीनं निरोपसमारंभात
गंमत म्हणून दिलेलं पट्ट्यांचं पाकीट
आज फोडलं.
वाटीत इन्व्हर्टरचं पाणी, त्यात चमचाभर माती,
अर्धा तास काचेच्या कांडीनं ढवळत बसले,
घरचे म्हणाले, आता हे काय नवीन.
पट्टी निळी झाली. रंगाशी रंग लावून पाहिला.
साडेनऊ.

जुन्या सवयीनं चिठ्ठी भरली.
शेतकऱ्याचं नाव: रिकामं.
सिंचनाची सोय: पाऊस, आला तर.
मागील हंगामातलं पीक: झेब्रे.
शिफारस या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं,
मग टोपण लावून टाकलं.

आखाजीला चार दिवस राहिलेत,
ऊन चव्वेचाळीसला टेकलंय.
संध्याकाळी खालच्या वावराकडे गेले.
ठेलाऱ्यांचा कळप उतरला होता,
मेंढ्या मान खाली घालून पांढरं चाटत होत्या,
त्यांच्या जिभांचा खरखर आवाज
बांधापर्यंत येत होता.
मला पाहून नागो ठेलारी काठी घेऊन उठला,
कळप हलवायच्या तयारीत.
गेल्या साली मीच हाकललं होतं त्याला.

मी काही बोलले नाही.
बांधावर बसले,
उन्हाकडे पाठ करून.