सोफ्याखालचा रंग

शुक्रवारी दुपारी, रुवीत, तिसऱ्या मजल्यावर
मी सोफा ओढला. एकटीनेच.
हेरंब म्हणाला, "आता कशाला?
वर्षभरात जायचंच आहे."
हे तो नऊ वर्षं म्हणतोय.

सोफा एका इजिप्शियन कुटुंबाचा,
जाताना चाळीस रियालला दिलेला.
फटीत अजून त्यांच्या भोपळ्याच्या बिया.
खालून गालिच्याचा एक चौकोन निघाला,
गर्द डाळिंबी.
बाकीचा विटून कधी विटकरी झाला
कळलंच नाही,
रोज त्याच्यावरूनच चालत होतो.

पन्नास बैशांचं एक नाणं,
कृत्तिकाच्या दुधाच्या दाताची डबी.

टीव्ही हलवला. खुर्ची खिडकीशी आणली:
समोर उघडेबोडके डोंगर, पाण्याचा टँकर,
कुणाचं तरी वाळत घातलेलं कंदुरा.
पडदे धुऊन उलटे लावले. नवे कशाला.

भिंतीला भोक पाडायचं नाही, करारात आहे.
म्हणून घड्याळ नऊ वर्षं
कपाटावर टेकून बसलेलं.

संध्याकाळी हेरंब
उन्नी वॉचमनकडून ड्रिल घेऊन आला,
काही न बोलता.
"अनामत कापतील," मी म्हटलं.
"कापू देत.
जरा डावीकडे धर."