नमुना

चाळीस वर्षं मी गहू तपासला,
रेल्वेच्या फाट्यावर, लाकडी एलिव्हेटरच्या सावलीत.
ट्रकमध्ये सळई खोल खुपसायची,
वरचा थर काय, कोणीही चांगला ठेवतो.
तळाचं मूठभर हातावर घ्यायचं.
ओल आधी नाकाला कळायची, यंत्राला मागाहून.

आता स्टेफानियाला रात्री स्वतःचं घर ओळखू येत नाही.
दोनदा बर्फात सापडली, पायात सपाता,
आईकडे निघालेली.
आईला जाऊन त्रेपन्न वर्षं झाली.
मुलगी रेजायनाहून फोनवर म्हणाली,
बाबा, आता पुरे.

म्हणून तीन गावांतली तीन घरं पाहिली.

पहिल्याच्या दर्शनी दालनात पियानो, कुलूप घातलेला.
बाईंनी कॉफी दिली, गुळगुळीत पुस्तिका दिली.
वर्षभरात पडलेले रहिवासी : शून्य.
मी तो आकडा पुन्हा वाचला.
ज्या पोत्यात एकही खडा नसतो
ते कोणीतरी माझ्यासाठी निवडून ठेवलेलं असतं.
मागच्या खोलीत अकरा जण खुर्च्यांत बसलेले,
मांडीवर अडकवलेले ट्रे, ट्रेमध्ये काही नाही.
डोळे अर्धे मिटलेले, सकाळी दहा वाजता.
उठतच नाही कोणी, तर पडेल कसं?

दुसऱ्यात लिंबाचा वास होता,
आणि लिंबाखाली दुसरा.
तिथे मी कोट काढलाच नाही.

तिसऱ्याला मी न कळवता गेलो.
रविवार, पहाटेचे सहा, उणे एकतीस.
गालिचा झिजलेला, भिंतीवर ओलीचा डाग,
नऊ नंबरच्या दारावर दिवा लागलेला.
मी खिशातलं घड्याळ काढलं.
चार मिनिटं दहा सेकंद.
धावत आलेली मुलगी फिलिपिन्सची, नाव मारिविक.
म्हणाली, आज आम्ही दोघीच आहोत अठ्ठावीस जणांना,
तिसरी बर्फात अडकली. उशीर झाला, खरं आहे.
कोणी विचारलं नव्हतं तिला.

मी टाचा पाहिल्या. उशीवर अधांतरी ठेवलेल्या, कोरड्या, गुलाबी.
नखं पाहिली.
उजवी बाजू गेलेल्या एका म्हाताऱ्याचा पाण्याचा पेला
डाव्या हाताशी होता.
एवढ्यावर मी बराच वेळ उभा राहिलो.

पडल्याच्या नोंदी : एकोणीस.
प्रत्येकीसमोर वेळ, आणि खाली काय बदललं ते :
पलंग खाली घेतला. मोजे बदलले. रात्री दोनला संडासला नेतो.
एकीपुढे नुसतं
‘कारण कळलं नाही.’

पहिली प्रत मी आयुष्यात फार थोड्यांना दिली.
याला दुसरी देईन, आणि समोर उभं राहून देईन.

परतताना गाडीत हीटर लागेना.
हात काखेत दाबून बसलो, आणि का कोण जाणे
आमच्याच घराचा नमुना काढला.
चालू राहिलेला गॅस, जिन्यावरचा सैल कठडा.
तपासनीसाचा डावा कान बहिरा,
दार उघडल्याचं त्याला दोन्ही वेळा कळलं नाही.
तिच्या दंडावर निळे चार ठसे,
माझ्या बोटांच्या मापाचे,
परवा तिला आत ओढताना उठलेले.
यांची नोंद कुठेच नाही.
पडणं : शून्य, लिहिता आलं असतं मला.

सही केली त्या दिवशी मारिविकला म्हणालो,
मी येईन. वेळ सांगणार नाही.
कधी पहाटे, कधी रात्री अकराला.
सळई खोल घालायची सवय आहे, राग मानू नकोस.
ती स्टेफानियाच्या कोटाची बटणं काढत होती,
एकेक, तिला विचारून.
मान वर न करता म्हणाली, या की.
फक्त मागच्या दाराने या,
पुढचं गोठून बसतं.