खाली निजतं कोण

उभादांड्याच्या भाड्याच्या घरावर उंडी कलली आहे
मागल्या वादळापासून.
आधी दोन बोटं, मग चार,
आता दुपारी तीनलाच
न्हाणीच्या कौलांवर तिची सावली येऊन बसते.
एकतीस वर्षं मी पोस्टात पार्सलं तोलली,
काटा कुठे झुकतो ते मला कळतं.
तरी म्हणत आले, बघू, दिवाळीनंतर.
दोन दिवाळ्या गेल्या.

पहिला सावंतवाडीहून आला.
गाडीची काच खाली करून वर पाहिलं,
म्हणाला, क्रेन. अठ्ठावीस हजार, जीएसटी वेगळा.
पंचायतीची परवानगी? ते मी बघतो.
या पाणंदीतून क्रेन येणार कशी?
त्यानं गडग्याकडे हनुवटी केली: हा पाडू की.
गडगा अर्धा तुळसकरांचा आहे
आणि तुळसकरांशी आमची बोलचाल
चौऱ्याण्णव सालापासून नाही.

दुसऱ्यानं खोडाला टेप लावली.
सुधन गिरप, लाकडाचा व्यापारी, दोन बोटांत अंगठ्या.
काकी, मला पैसे नकोत, उलट मीच तीन हजार देतो,
होडीच्या कामाला उंडीसारखं लाकूड नाही.
फांद्या?
त्या तुमच्या.
आणि कौलं फुटली तर?
हसला. कौलं काय, कुडाळला ढिगानं मिळतात.
खोटं कशाला बोलू,
त्या तीन हजारांचा मी मनात पंखा घेतला,
माझ्याच खोलीत लावलासुद्धा.

इनास सायकलवरून आला.
मागे भाचा, भाच्याच्या खांद्यावर दोरी.
बोलला काहीच नाही.
कोयत्याच्या पाठीनं खोड ठोकत गेला खालून वर,
टण्, टण्, टण्,
आणि छातीच्या उंचीवर एकदम
बद्द.
तिथं त्यानं कान लावला,
डॉक्टर लावतात तसा नाही,
शेजारच्या घरात भांडण चाललंय का ते ऐकावं तसा.
मग चिमूटभर माती उडवून वारा पाहिला.
कागद आसा पंचायतीचो?
मी म्हटलं, मिळेल.
मिळाल्यार बोलाया, म्हणाला,
आणि मला विचारलं:
हेच्या खाली निजता कोण?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि लक्षात आलं, मला माहीत नाही.

रोहिणी मसुरकर, ग्रामीण रुग्णालयात परिचारिका,
भाडं पाच तारखेला, कधी सहा नाही.
ती रात्रपाळी करून झोपली होती.
दार मुलीनं उघडलं.
माजघरापलीकडच्या खोलीत खाट नव्हती,
जमिनीवर तिच्या पायांचे चार ठसे,
भोवतालच्या कोब्यापेक्षा उजळ.
खाट स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीला टेकून.
कधीपासून गं?
पाडव्यापासून, मुलगी म्हणाली.
मग जरा थांबून:
आईनं सांगितलंय, तुम्हाला सांगायचं नाही.
भाडं वाढेल.

इनास दाराबाहेरच उभा होता,
उंडीकडे बघत. सगळं ऐकलं असणार.

नऊ हजार, तो म्हणाला, लाकूड तुमचाच.
फांदी फांदी दोरयेन उतरवतलंय.
वायरमनाक सांगा, लाईन बंद होयी.
आणि आजपासून हेंका हय निजूक देव नकात.
सुधन फुकट करतोय, मी म्हटलं,
का म्हटलं, देव जाणे.
घाईन पाडलेला झाड, इनास म्हणाला,
घरातच पडता.

कागदाला चार दिवस लागतील.
दोरी माझ्या पडवीत ठेवून गेला, जड, खोबरेलाचा वास असलेली.
रोहिणी आधी नको नको म्हणाली,
मग गादीची वळकटी घेऊन आली,
ड्यूटीवर जाताना दोनदा मागे वळली.
मुलीनं डबा आणला होता, उंडीच्या फळांचा,
गोट्यांसारखी गोल, वाळलेली.
झोपेपर्यंत एकेक माझ्या पोस्टाच्या जुन्या तराजूत टाकत होती.

रात्री अकरानंतर खाडीकडून वारा सुटला.
दोन वर्षं असा वारा सुटला की मी
रेडिओ मोठा करायची.
आज नाही केला.
अंधारात ती सळसळत राहिली,
मी कूस बदलून म्हटलं,
पड, पडायचं तर आज.